पाच कोंबडे, दोन तलंगा आणि वैतागलेली सोसायटी

अनुजा_तळेगाव | ९ ऑगस्ट, रात्री १०:४०

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं मोबाइलपासून लांब राहावीत म्हणून एक उद्योग केला, तो आता अंगाशी आलाय. सल्ला हवाय.

जुन्नरकडच्या मामाकडून बारा गावरान अंडी आणली. नवऱ्याने थर्माकोलच्या खोक्यात चाळीसचा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि डब्ल्यू १२०९ नावाचा स्वस्तातला थर्मोस्टॅट बसवून मशीन तयार केलं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघांनी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला, आणि दिवसातून तीनदा अंडी फिरवायच्या पाळ्या लावून घेतल्या. सातव्या रात्री टॉर्चवर धरून पाहिलं तर दोन अंडी कोरी निघाली. बाकीच्यांत लाल शिरांचं जाळं आणि मधोमध हलणारा काळा ठिपका. मुलगा त्यानंतर अर्धा तास काही बोललाच नाही, हा आमच्या घरचा विक्रम आहे.

पुढे एक अंडं मधेच थांबलं. एका पिल्लाने आतून कवचाला टोच मारली पण ते बाहेर आलं नाही. एक पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. सात जगली. २ मे हा आमच्याकडे आता सामुदायिक वाढदिवस आहे.

तर त्या सातांत पाच कोंबडे निघालेत, तलंगा (तरुण कोंबड्या) दोनच. भीमा, लाडू, सरपंच, ढोलू आणि चिंगी. हो, चिंगीसुद्धा. पहाटे चार दहाला भीमा सुरू करतो आणि मग बाकीचे. आमचं रो-हाउस, भिंतीला भिंत. सोसायटीच्या ग्रुपवर आधी हसरे चेहरे आले, मग 'कृपया दखल घ्यावी', आणि आता सेक्रेटरींचं पंधरा दिवसांच्या मुदतीचं पत्र. सासूबाई म्हणतात, "श्रावण आहे म्हणून वाचलेत." मुलीने ते ऐकलं आणि परवापासून आजीशी अबोला धरलाय.

कोंबडे द्यायचे कुठे? मुलांना सांगायचं काय? आणि सातांत पाच नर, आमचं काही चुकलं का? तापमान वगैरे?

---

खवचट_काका | ९ ऑगस्ट, रात्री १०:५२

वडे तुझे, कोंबडा आमचा असं जमत नसेल तर कोंबडा तुझा, वडे आमचे. श्रावण संपल्यावर कळव. (कृपया हलके घ्या.)

---

शून्य_आठ | ९ ऑगस्ट, रात्री ११:१५

चुकलं काही नाही. नर-मादी निम्मे-निम्मे धरले तर सातांत पाच किंवा त्याहून जास्त नर निघण्याची शक्यता १२८ मध्ये २९, म्हणजे जवळपास २३ टक्के. दर चार-पाच घरांत एका घरी हे होणारच. यावेळी ते घर तुमचं.

---

पहाटपाखरू | ९ ऑगस्ट, रात्री ११:३८

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमच्या शेजारी दोन वर्षं कोंबडा होता आणि माझं बाळ तेव्हा चार महिन्यांचं. पहाटे साडेतीनला मुश्किलीने झोपवायचं आणि चारला बांग. शेजारीण फार गोड बाई, अंडी आणून द्यायची. त्या अंड्यांमुळे मी काही बोलू शकले नाही आणि आतल्या आत धुमसत राहिले. तेव्हा पत्र पाठवणाऱ्यांना खलनायक करू नकोस. ग्रुपवर 'कृपया दखल घ्यावी' लिहायच्या आधी माणूस दहा पहाटा गप्प बसलेला असतो.

---

निवृत्त_पशुवैद्य | १० ऑगस्ट, सकाळी ७:०५

तापमानाने लिंग ठरतं ते मगर आणि कासवांत. कोंबडीत नाही. माणसात बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. कोंबडीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात, कोंबड्याकडे दोन्ही झेड. त्यामुळे अंडं घातलं जायच्या आधीच निकाल लागलेला असतो. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग, सुईला दोरा बांधून अंड्यावर धरली की गोल फिरते, हे सगळं मी चाळीस वर्षं ऐकलं. दर वेळी निम्म्या लोकांचं बरोबर येतं, यात आश्चर्य काय!

एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग शेपटीखालच्या बारीक उंचवट्यावरून ओळखायची पद्धत जपान्यांनी गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात बसवली. त्याला बोटांना वर्षानुवर्षांची सवय लागते, घरी करू नका, पिल्लू दुखावतं. घरच्या माणसाने पाच-सहा आठवडे थांबावं. ज्याचा तुरा लवकर लाल होऊन वर येतो, पाय जाड असतात आणि उभं राहणं ताठ असतं, तो बहुधा नर. दहा-बारा आठवड्यांनी शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार, चकचकीत पिसं लोंबायला लागली की शंका उरत नाही. चिंगीची पिसं पाहिली होती का?

---

अनुजा_तळेगाव | १० ऑगस्ट, सकाळी ९:२०

पाहिली होती डॉक्टर. मुलगी म्हणाली, चिंगीला नटायची आवड आहे.

---

खवचट_काका | १० ऑगस्ट, सकाळी ९:२४

हसून हसून पुरेवाट.

---

कणकवलीची_सून | १० ऑगस्ट, सकाळी ११:०२

आमच्याकडे मशीन-बिशीन काही नव्हतं. कोंबडी खुडूक झाली, अंगाची पिसं फुगवून कोपऱ्यात बसून राहायला लागली, जवळ गेलं की टोचायला यायची, की सासूबाई ओळखायच्या. टोपलीत भाताचं तूस, त्यावर गवत, आणि खाली मावतील तेवढीच अंडी. एकवीस दिवस ती पाणी प्यायला आणि शेण टाकायला दिवसातून एकदा उठायची, तेवढंच. लोडशेडिंगची चिंता नाही, आर्द्रता मोजायची नाही. अंडी फिरवायचं काम तीच चोचीने करते, आणि पिल्लांना कणी कशी टिपायची ते शिकवतेही तीच. तुमच्या पिल्लांना कोणी शिकवलं?

नावांबद्दल. माझा नवरा लहान असताना त्याने एका कोंबड्याचं नाव ठेवलं होतं. आजेसासूबाई त्याला म्हणाल्या, "झिला, कोंब्याक नाव ठेवूचा नाय. मगे घास उतरणा नाय." त्याने ऐकलं नाही. पन्नाशीला आलाय, अजून त्या कोंबड्याचं नाव सांगत नाही.

---

अनुजा_तळेगाव | १० ऑगस्ट, दुपारी १:४५

आम्हीच शिकवलं. मुलाने वर्तमानपत्रावर बोटाने टकटक करून दाखवलं, त्याबरोबर सगळी त्याच्या नखाला टोचायला लागली. पाण्यात एकेकाची चोच बुडवून दिली.

आणि लोडशेडिंगचं म्हणाल तर सोळाव्या दिवशी दुपारी तीन तास लाइट गेली होती. मशीनवर गोधडी, आत गरम पाण्याच्या दोन बाटल्या. थर्मामीटर ३४ पर्यंत उतरलेला. मुलगी मशीनला मिठी मारून बसली होती, तिच्या अंगाची ऊब मिळेल म्हणून.

---

मधुरा_जे | १० ऑगस्ट, दुपारी २:३०

थोडं कडू बोलते. मुलांना 'निसर्गाचा चमत्कार' दाखवायला सात जीव जन्माला घालायचे आणि मग 'द्यायचे कुठे' असा धागा काढायचा, हे मला पटत नाही. निम्मे नर निघणार हे आधीपासून ठाऊक असतं. कुत्र्याचं पिल्लू आणताना आपण दहा वेळा विचार करतो, पण पिल्लांचं काय, ती स्वस्त असतात. बियाणं पेरा, मुलांना तेही उगवताना बघायला आवडतं.

---

भाकरतुकडा | १० ऑगस्ट, दुपारी ३:१०

मधुराताई, मुद्दा बरोबर आहे, पण तुम्ही केकमधलं अंडं खाता का? खात असाल तर त्या अंड्यामागे एक भाऊ होता, तो कुठे गेला हेही विचारा. अनुजाताईंनी निदान पाचही भावांना तीन महिने जेवू घातलंय.

---

ब्रेमेनची_वर्षा | १० ऑगस्ट, दुपारी ४:५५

भाकरतुकडा यांनी दुखरी नस पकडली. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातींचे नर मांसालाही परवडत नाहीत, म्हणून उबवणी केंद्रांत ते पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीत दरवर्षी साधारण साडेचार कोटी पिल्लं अशी जायची. १ जानेवारी २०२२ पासून इथे त्यावर बंदी आहे, फ्रान्समध्ये २०२३ पासून. आता काही ठिकाणी अंड्यातच लिंग तपासतात, तर काही जण नरांनाही वाढवतात. इथे दुकानात 'ब्रुडरहान' असं लिहिलेली अंडी मिळतात, म्हणजे शब्दशः 'भाऊ-कोंबडा'. या अंड्याच्या किमतीत ते घालणाऱ्या कोंबडीच्या भावाला पोसायचा खर्च धरलेला असतो. माझ्या मुलीने हे वाचून विचारलं, "मग भाऊ मोठा झाल्यावर?" मी म्हटलं, "मग त्याला खातात." ती म्हणाली, "निदान मोठा तरी झाला."

मला वाटतं मुलांना खरं सांगितलं तर पचतं. आपल्यालाच सांगायला जड जातं.

---

बंड्या_बेलापूर | १० ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

वर्षाताईंचं वाचून एकदम उजेड पडला. आमच्या लहानपणी जत्रेत गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं मिळायची. टोपलीभर चिवचिव. ती बहुतेक हीच, अंड्याच्या जातीची नको असलेली नर पिल्लं, रंगात बुडवलेली! आम्ही दर वर्षी दोन आणायचो, शू-बॉक्समध्ये ठेवायचो, आणि तिसऱ्या दिवशी परसात खड्डा. आई म्हणायची, "थंडी लागली." आता कळतंय, आईचं बरोबरच होतं. ना बल्ब, ना खाद्य, भाताची शितं आणि प्रेम.

एकदा मात्र एक हिरवा जगला. पिसं झडली, पांढरी आली, आणि तो असा माजला की पोस्टमन गेटबाहेरून पत्रं फेकायचा. विषयांतराबद्दल क्षमस्व.

---

निवृत्त_पशुवैद्य | १० ऑगस्ट, रात्री ८:००

बंड्या, बरोबर. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं बल्बखाली ढीग करून बसली तर गारठलीत, कडेला पांगून चोच वासून धापा टाकत असली तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा हे खरं.

हा धागा वाचून कोणी मशीन लावणार असेल तर थोडं लिहून ठेवतो. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश. पहिले अठरा दिवस आर्द्रता पन्नासच्या वर, शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत आणि झाकण उघडायचं नाही. मुलांसाठी सगळ्यात अवघड तेच. टोच मारल्यावर पिल्लू बारा, कधी चोवीस तास नुसतं पडून राहतं. आपल्याला वाटतं अडकलंय. आत ते शिरांमधलं रक्त आणि उरलेलं बलक पोटात ओढून घेत असतं. आपण कवच सोलायला गेलो की शिरा फुटतात. त्याच बलकावर ते बाहेर आल्यानंतर दोन दिवस बिनखाण्याचं राहू शकतं, म्हणून घाईने खायला घालायचीही गरज नसते.

लसी चुकवू नका, विशेषतः मानमोडीची (राणीखेत रोगाची). आणि पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायचे. पापे घ्यायचे नाहीत, कितीही गोड दिसली तरी.

---

अनुजा_तळेगाव | १० ऑगस्ट, रात्री ९:३०

डॉक्टर, ते टोच मारून बाहेर न आलेलं अंडं... नवऱ्याने मदत केली होती. रक्त आलं. मुलांना आम्ही 'ते अशक्त होतं' असं सांगितलं.

---

निवृत्त_पशुवैद्य | १० ऑगस्ट, रात्री ९:४१

ते कदाचित अशक्त असेलही. सगळ्यांकडून एकदा होतं. माझ्याकडून शिकत असताना झालं होतं.

---

पहाटपाखरू | १० ऑगस्ट, रात्री १०:१२

एक विचारू? सगळ्यात मोठ्याने ओरडणारा भीमा आहे ना, मग फक्त त्याला दिलं तर?

---

शून्य_आठ | १० ऑगस्ट, रात्री १०:३०

उपयोग नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर काम केलंय. कोंबड्याच्या शरीरात स्वतःचं घड्याळ असतं, उजेड नसला तरी तो पहाटेच्या सुमारास आरवतो. आणि कळपात मानाने सगळ्यात वरचा असलेला आधी आरवतो, बाकीचे मानाच्या क्रमाने. वरचा काढला की दुसरा पहिला होतो. भीमा गेला की सरपंच पदभार स्वीकारतील.

---

खवचट_काका | १० ऑगस्ट, रात्री १०:३३

म्हणजे आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखंच. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' या म्हणीला आता जपानी पुरावा मिळाला. डालग्याखालीही घड्याळ चालूच.

---

म्हापसेकर | ११ ऑगस्ट, सकाळी ८:४०

फ्रान्समधला मॉरिस आठवला का कोणाला? ओलेरॉन बेटावरचा कोंबडा. सुट्टीत येऊन राहणारे शेजारी त्याच्या आरवण्यावरून कोर्टात गेले. २०१९ मध्ये निकाल मॉरिसच्या बाजूने लागला. पुढे २०२१ मध्ये तिथे गावाकडचे आवाज आणि वास हा वारसा आहे असं मानणारा कायदाच झाला. अनुजाताई, तुमच्या सेक्रेटरींना हे पाठवा.

---

पहाटपाखरू | ११ ऑगस्ट, सकाळी ९:०५

पाठव, आणि सोबत हेही पाठव की आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत आणि रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बेटावरचं गाव आणि तळेगावचं रो-हाउस एक नाही हो!

---

भाकरतुकडा | ११ ऑगस्ट, सकाळी ११:५०

कामाचं बोलू. माझ्याकडे भोरजवळ परसातल्या साठ-सत्तर कोंबड्या आहेत. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. बाकीचे नर चौदा-सोळा आठवड्यांनी विकतो, आणि घरीही खातो. कोणी 'कोंबडे पाळायला घ्या' म्हणून फोन केला की मी सरळ सांगतो: मी एक ठेवेन, बाकीचे विकेन. लोक नाराज होतात. 'तुमच्याकडे मोकळी जागा आहे ना' म्हणतात. जागा आहे, पण पाच तरुण कोंबडे एका अंगणात म्हणजे रोज रक्त. हरलेल्याला खायला मिळत नाही, तो झाडावर रात्र काढतो आणि मग मुंगूस येतं.

दोन गोष्टी मात्र टाळा. रानात किंवा डोंगराच्या पायथ्याशी 'मोकळे' सोडू नका, पहिल्या रात्रीत संपतात. आणि अनोळखी माणूस येऊन फक्त सगळ्यात उंच, भांडखोर कोंबडा मागत असेल, पायांवरचे काटे दाबून बघत असेल, तर देऊ नका. झुंजी लावणं बेकायदेशीर आहे, पण चालतात. त्यापेक्षा मी बरा.

---

मधुरा_जे | ११ ऑगस्ट, दुपारी १२:१५

मला केकचं विचारलं होतं. खाते. वर्षाचं वाचल्यापासून विचार करतेय. आधी लिहिलं ते मागे घेत नाही, पण सूर चढा होता, त्याबद्दल सॉरी अनुजा.

---

कणकवलीची_सून | ११ ऑगस्ट, दुपारी १:०८

आमच्याकडे मुलांना कोणी काही समजावून सांगत नव्हतं. कोंबडा देवाला सोडलेला असायचा किंवा पाहुण्यांसाठी राखलेला, हे पिल्लू हातात आल्यापासूनच माहीत. प्रेम नव्हतं असं नाही. माझा दीर रोज संध्याकाळी डालताना एकेकाला हातात घेऊन मोजायचा. पण गोष्ट कुठे जाणार ते ठाऊक होतं. तुमच्या मुलांना फक्त पहिलं प्रकरण दाखवलंत, म्हणून शेवटचं आता जड जातंय.

---

अनुजा_तळेगाव | ११ ऑगस्ट, रात्री ११:२०

कणकवलीची सून, तुमचं वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. भाकरतुकडा, व्यक्तिगत निरोप केलाय.

---

बंड्या_बेलापूर | २४ ऑगस्ट, सकाळी १०:००

श्रावण संपला. अनुजाताई? सगळं ठीक ना?

---

खवचट_काका | २४ ऑगस्ट, सकाळी १०:०६

मी वडे तळून बसलोय.

---

अनुजा_तळेगाव | ९ सप्टेंबर, रात्री ९:५०

गणपतीच्या गडबडीत लिहायचं राहिलं. सगळ्यांनी मनापासून लिहिलंत म्हणून सविस्तर सांगते.

आधी शेजारच्या घरी गेले. पहाटपाखरू, तुझ्यामुळे. अंडी घेऊन नाही गेले! त्यांच्या सुनेची नाइट शिफ्ट असते, ती तीनला घरी येऊन झोपते. हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. सेक्रेटरींकडून आठ दिवस वाढवून मिळाले. तोवर रात्री कोंबडे गॅरेजमध्ये, खोक्यावर गोधड्या. आवाज दबला, थांबला नाही. शून्य आठ, भीमाला एक रात्र वेगळं ठेवून पाहिलं. सरपंचांनी चार वीसला पदभार घेतला.

मग मुलांना बसवून सांगितलं. नवरा म्हणाला होता, 'शेतावर राहायला चाललेत' एवढंच सांगू. मला ते जमलं नाही. भाकरतुकडा काय म्हणालेत ते जसंच्या तसं सांगितलं: एक राहील, बाकीचे विकले जातील, आणि लोक खातील. मुलगी खूप रडली. मुलगा रडला नाही. त्याने विचारलं, "एक कोण ते कोण ठरवणार?"

भोरला सगळेच गेलो. भाकरतुकडा यांनी मुलाला शेजारी बसवून विचारलं, "तूच सांग, कोणता ठेवू?" मला वाटलं भीमा म्हणेल, त्याचा लाडका. तो बराच वेळ पाचांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चिंगी. कारण तिला आम्ही आधीच एकदा चुकीचं समजलोय." भाकरतुकडा हसले नाहीत. त्यांनी चिंगीच्या पायात निळी प्लास्टिकची रिंग घातली, विकताना चूक होऊ नये म्हणून. बाकी चौघांचे त्यांनी पैसे दिले. मी नको म्हणत होते, मुलीने हात पुढे करून घेतले. घरी येऊन त्यातून तिने दोन्ही तलंगांसाठी खाद्याचं पोतं आणायला लावलं, उरलेले अजून तिच्या डब्यात आहेत. आजीशी ती गौरी जेवणाच्या दिवशी बोलायला लागली.

गेल्या गुरुवारी एका तलंगेने पहिलं अंडं घातलं. कबुतराच्या अंड्याएवढं. कोणी खाल्लं नाही, फ्रिजच्या दारात ठेवलंय.

मशीन धुऊन माळ्यावर टाकलंय.

---

भाकरतुकडा | ९ सप्टेंबर, रात्री १०:१५

चिंगी मजेत. माझा जुना कोंबडा तिला दोन वेळा चोपून गेला, आता ठरलंय कोण कुठे उभं राहायचं ते. 'तिला' लिहिलं बघा. पोराने लावलेली सवय.

---

ब्रेमेनची_वर्षा | १० सप्टेंबर, दुपारी १:३०

"आधीच एकदा चुकीचं समजलोय." मुलीला वाचून दाखवलं.

---

बंड्या_बेलापूर | १० सप्टेंबर, दुपारी ३:१२

अनुजाताई, विचारावं की नाही कळत नाही, पण माळ्यावरचं मशीन दिवाळीच्या सुट्टीपुरतं मिळेल का? आमची धाकटी मागे लागलीय. बेलापूरला आमचा पाचवा मजला आहे, तेव्हा कोंबडी नको. बदकाची अंडी मिळतायत. त्यांना किती दिवस लागतात?

---

मधुरा_जे | १० सप्टेंबर, दुपारी ३:१५

बंड्या!!!

---

निवृत्त_पशुवैद्य | १० सप्टेंबर, संध्याकाळी ५:४०

अठ्ठावीस. आणि पाचव्या मजल्यावर विचार करून करा. बदकांत नर जवळजवळ गप्प असतो, ओरडते ती मादी.